बेलाचं पान पटावर

आज काही झालं तरी नवऱ्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही, असं उत्तरानं पाडव्याच्या पहाटेच ठरवून टाकलं. अंगाला तेल लावताना ठरवलं, चुलीत लाकूड सारताना पुन्हा ठरवलं. ठरवायला काय जातं हो! आजवर तिनं असं कितीदा ठरवलं असेल, आणि तितक्याच वेळा श्रीपादराव जोडा पायात सरकवून, "आलोच गं, एवढा एकच डाव," म्हणत निघून गेले होते.

आता श्रीपादराव म्हणजे कुणी गुंड-पुंड माणूस होता असं समजू नका. ठाण्याच्या कचेरीत कारकून. अक्षर असं, की मोठा साहेबसुद्धा कागद दोनदा बघायचा. दारूला शिवले नाहीत, बायकोवर कधी आवाज चढवला नाही, आईसमोर मान वर केली नाही. एवढं सगळं चांगलं, आणि एका फाशाच्या पायी त्याची माती. गावाबाहेर खोपटच्या आमराईत एक झोपडी होती. दिवसा तिथं माळी राहायचा आणि दुपार कलली की चटई पसरली जायची. त्या चटईवर श्रीपादरावांनी घरातल्या चांदीच्या समया घातल्या, ताम्हन घातलं, आणि श्रावणात उत्तराच्या हातातल्या पाटल्या गहाण टाकून त्याही घातल्या.

हरून आले की ते रडायचे. खोटं नाही, अगदी खरं रडायचे. उत्तराचे पाय धरायचे, तिच्या गळ्याची शपथ घ्यायचे, मुलींची घ्यायचे, गेलेल्या वडिलांची घ्यायचे. शपथांना तोटा नव्हता. एकच शपथ मात्र त्यांनी कधी घेतली नाही, ती बेलभंडाराची. देवापुढचं बेलाचं पान, त्यावर चिमूटभर हळद, ते तळहातावर घेऊन बोललेला शब्द. श्रीपादराव लहान असताना त्यांच्या चुलत्यानं बांधाच्या तंट्यात खोटा बेलभंडार उचलला होता, आणि वर्षाच्या आत त्याची वाचा गेली. तो चुलता ओसरीवर बसून नुसता घशातून आवाज काढायचा, तो आवाज श्रीपादरावांच्या कानात घर करून बसला होता. "दुसरं काहीही माग," ते म्हणायचे, "ते पान पुढे करू नकोस." यावरून उत्तराला एक कळून चुकलं होतं. हा माणूस पान उचलणार नाही, पण उचललंच तर मरेपर्यंत पाळेल.

आणि या दिवाळीला तिला त्या पानाची गरज पडली होती. बाळकुमला भाताचं एक खाचर होतं. उत्तराच्या वडिलांनी लग्नात आंदण दिलेलं, दगडू नावाचा कुणबी ते लावायचा, आणि वर्षाचा तांदूळ त्यातूनच घरात यायचा. पगार तर चटईवरच जायचा, तेव्हा घरातली चूल पेटायची ती त्या खाचराच्या जिवावर. नरकचतुर्दशीच्या सकाळी उत्तरा विहिरीवर गेली, तर पारिजातकाच्या मागून नवऱ्याचा आवाज आला. बरोबर गणू होता, आमराईतला जोडीदार.

"पाडव्याला मोठी बैठक आहे," गणू म्हणत होता. "पण श्रीपादराव, हात रिकामे घेऊन येऊ नका."

"रिकामे कशाला? कमरेला पगाराच्या पैशांचा कसा आहे. तो संपला तर बाळकुमचं खाचर लावीन."

"ते वहिनींचं ना? दगडू म्हणे ताईंच्या शब्दाशिवाय ढेकूळ हलवू देत नाही."

"देईल ती शब्द. पाय धरले की देते."

पाय धरले की देते! उत्तराच्या हातातली कळशी तशीच रिकामी राहिली. खाचर जाईल ही भीती होतीच, पण हे वाक्य तिला जास्त झोंबलं. इतकी वर्षं आपण ज्याला माया समजत होतो, ती यांच्या लेखी नुसती एक युक्ती होती तर.

पाडव्याची दुपार झाली. जेवणं आटोपली. दोघी मुली आत्याकडे चेंदणीला खेळायला गेल्या होत्या. सासूबाई, कमळाबाई, माजघराच्या दाराशी वाती वळत बसल्या होत्या. श्रीपादराव ओसरीवर येरझारा घालत होते. एकदा पागोटं खुंटीवरून काढत, एकदा परत ठेवत, मध्येच कमरेचा कसा चाचपत.

"आज पाडवा आहे," उत्तरा पट पसरत म्हणाली. "इकडून एक डाव व्हायचा राहिलाय."

त्या घरात तशी रीतच होती. पाडव्याला नवरा-बायकोनं सोंगट्यांचा एक डाव खेळायचा, कारण शंकर-पार्वती त्या दिवशी खेळले होते. आणि त्या दिवशी हरून उठू नये, वर्षभर तसंच जातं, असं सगळे मानत. पण दर वर्षी डाव म्हणजे नुसता देखावा असायचा. उत्तरा चार दानं टाकायची, हरायची, हसायची, की कमळाबाई पट गुंडाळायला सांगायच्या. खोपटला जायच्या गडबडीत हा सोपस्कार उरकून टाकू, म्हणून श्रीपादरावही मांडी घालून बसले.

उत्तरानं पटाच्या मधल्या घरात बेलाचं पान ठेवलं. कोपीनेश्वराच्या देवळातून सकाळीच आणलेलं, अजून टवटवीत होतं. वर हळदीची चिमूट.

श्रीपादरावांचा हात कवड्यांवरच थबकला. "हे काय आरंभलंयस?"

"मी जिंकले, तर हे पान उचलायचं. फाशाला, कवडीला, पत्त्याला पुन्हा हात लावणार नाही, असं म्हणायचं."

"आणि हरलीस तर?"

"तर बाळकुमच्या खाचराला माझा होकार. दगडूला मी स्वतः सांगेन. पाय धरायची गरज नाही."

शेवटचं वाक्य ऐकून त्यांचा चेहरा उतरला. हिनं ऐकलंय, हे त्यांना समजलं. ते उठून जाऊ शकले असते. पण समोर पट मांडलेला, कवड्या हाताशी, आणि डावावर काहीतरी खरोखरीचं लावलेलं. अशा जागेवरून उठणं त्यांना कधी जमलंय? शिवाय दर वर्षी हरणारी बायको. त्यांनी ओठ चावला आणि म्हणाले, "टाक."

आता एक गोष्ट श्रीपादरावांना ठाऊक नव्हती. उत्तराचा भाऊ त्र्यंबक लहानपणी कल्याणला तापानं महिनाभर अंथरुणाला खिळला होता, आणि तो महिनाभर त्याच्या उशाशी बसून ही पोर सकाळ-संध्याकाळ सोंगट्या खेळली होती. कुठली सोंगटी पुढे काढायची, कुठली फुलीच्या घरात दडवून ठेवायची, दोन सोंगट्यांचं जुग कधी बांधायचं म्हणजे समोरच्याला मारता येत नाही, सगळं तिच्या बोटांना पाठ होतं. सासरी आल्यावर कशाला दाखवायचं म्हणून तिनं ते कधी दाखवलं नव्हतं, इतकंच.

पहिल्या चार दानांतच श्रीपादराव सावरून बसले. हिची सोंगटी कुठं उघडी सापडेना. ते पुढे धावले, तर तिनं मागून येऊन त्यांची लाल सोंगटी मारली. "अरेच्चा!" ते म्हणाले. दुसरी मारली, तेव्हा मांडी बदलून पटावर वाकले. उत्तराचे कान तापले होते. कवड्या मुठीत घोळवताना त्यांचा थंडगार स्पर्श, मग तो खळ्ळकन आवाज, आणि त्या उलट्या-सुलट्या होऊन थांबेपर्यंतचा तो एक क्षण. त्या क्षणात खाचर नव्हतं, घर नव्हतं, काहीच नव्हतं. तिला तहान लागली होती, पण पाण्यासाठी उठावंसं वाटेना.

"दहा!" ती ओरडलीच. तिची शेवटची सोंगटी मधल्या घरात गेली, बेलाच्या पानाला टेकून उभी राहिली.

वाती वळता वळता कमळाबाईंनी मान वर केली. "जिंकलीस?"

"जिंकले, सासूबाई!"

"मग गुंडाळ पट. आणि श्रीपाद, उचल पान. ऊन आहे तोवर देवासमोर हो."

श्रीपादरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण शब्द शब्द होता. त्यांनी हात पुढे केला. बोटं पानाजवळ आली. आणि बघा हं, इथं सगळं संपलं असतं. तिला जे हवं होतं, ज्याच्यासाठी तिनं रात्र-रात्र डोळे पुसले होते, ते त्या बोटांच्या टोकाशी आलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं हो तिनं, आणखी काही नाही!

पण उत्तराची नजर आपल्याच मनगटाकडे गेली. उद्या भाऊबीज. सकाळच्या गाडीनं कल्याणहून त्र्यंबकदादा येणार, ओवाळायला आपण हात पुढे करणार, आणि त्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. तो काही विचारणार नाही. घरी जाऊन आईला सांगेल.

"आणि पाटल्यांचं काय?" ती म्हणाली.

"पाटल्यांचं काय म्हणजे?"

"कमरेला कसा आहे ना? त्यातून सोडवून आणायच्या. आजच. सावकारांच्या पेढ्या उघड्या आहेत आज पूजेला."

"ते पैसे..." श्रीपादराव बोलता बोलता थांबले. त्यांच्या डोळ्यांत एक विझलेलं काहीतरी पुन्हा पेटलं. उत्तराला ते दिसलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. "बरं. दुसरा डाव. मी कसा लावतो. तू काय लावशील?"

लावायला तिच्याकडे काय होतं? तिनं पटाकडे पाहिलं. पान अजून तिथंच होतं, उचललेलं नव्हतं.

"हेच," ती म्हणाली. "जिंकलेलं सगळं."

"उत्तरे!" कमळाबाईंचा आवाज आला. "जिंकल्यावर खेळायचं नसतं. मी तुझ्या मामंजींशी दर पाडव्याला खेळले, पण एक डाव. एकच. हरले तरी उठले, जिंकले तरी उठले."

"हो सासूबाई. पण उद्या दादा येतोय ना," उत्तरा म्हणाली. बोलतानाच तिच्या बोटांनी सोंगट्या मांडायला घेतल्या होत्या.

बाहेर गणूनं हाक मारली, "श्रीपादराव, येताय ना?" तो फाटकाशी उकिडवा बसून राहिला.

दुसरा डाव पहिल्यापेक्षा चुरशीचा झाला. श्रीपादराव आता बायकोशी खेळत नव्हते, खेळाडूशी खेळत होते. आणि उत्तराची जीभही सुटली होती. एरवी नवऱ्याशी बोलताना "इकडून", "स्वारीनं" असं आडून आडून बोलणारी ती बाई सरळ म्हणायला लागली, "टाका ना! किती वेळ घोळवता?" "अहो, तिकडं नाही, तिकडं नाही, मेलात ना!" श्रीपादरावही हसायला लागले. दोघांत इतकं बोलणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. तो कसा, ते पान, दोन्ही पटाच्या मध्ये होतं, आणि त्यांच्या भोवती ती दोघं वाकून बसली होती, डोक्याला डोकं लागेल इतकी.

ती दुसराही डाव जिंकली. अवघ्या एका घरानं जिंकली, पण जिंकली. कसा तिनं ओढून घेतला. चांगला जड होता. तिला वाटलं आपण मोठ्यानं हसू.

"बास हं आता," कमळाबाई म्हणाल्या. "तिन्हीसांज होत आली. तबक कर. ओवाळून घे आणि पान उचलायला लाव त्याला."

आणि उत्तरा उठली. हो, उठली होती ती! कसा पटावर ठेवून स्वयंपाकघरात गेली, तबक घासून ठेवलेलं होतं त्यात कुंकू, अक्षता, सुपारी मांडली, निरांजनात तूप घातलं, वात लावली. सणाची नथ सारखी केली, पदर डोक्यावरून घेतला. आता ओवाळायचं, मग यांना देवासमोर न्यायचं, पान तळहातावर ठेवायचं. झालं. स्वयंपाकघराच्या अंधारात ती क्षणभर तबक घेऊन उभी राहिली आणि देवाला म्हणाली, बाबा, वाचवलंस.

ती ओसरीवर आली. श्रीपादराव पाटावर येऊन बसलेही होते. मान खाली. सगळं हरलेला माणूस, पण चेहऱ्यावर कसलीशी सुटका होती. कदाचित त्यांनाही बरंच वाटत असेल, कुणीतरी दोर कापला म्हणून. ते हसले आणि सहज म्हणाले, "हरलो बुवा. दानंच अशी पडली तुला. नशीब म्हणायचं, दुसरं काय! बायकांना खेळता कुठं येतं, पण नशीब असतं."

चेष्टाच होती ती. हरलेला माणूस एवढं तरी म्हणणारच की नाही?

उत्तरानं तबक कोनाड्यात ठेवलं.

"काय म्हणालात?"

"अगं, थट्टा केली."

"नशीब? दुसऱ्या डावात काळी सोंगटी फुलीवर दडवून तुम्हाला तीन दानं तिष्ठत ठेवलं, ते नशीब? तुमची लाल मारली, ते नशीब?"

"बरं, नसेल नशीब. ओवाळ आता."

"नाही. मांडा. मी जिंकले तर उद्या दादाच्या देखत म्हणायचं, उत्तरानं मला खेळून हरवलं. नशिबानं नाही. खेळून."

"उत्तरे, निरांजन लावलंयस," कमळाबाई म्हणाल्या. त्यांनी हातातल्या वाती खाली ठेवल्या. त्या विधवा, त्या तबकाला त्यांना हात लावता येत नव्हता, नाहीतर त्यांनीच ते उचलून तिच्या हातात कोंबलं असतं. "ओवाळ आधी, बाई माझी. शब्दाला काय चाटायचंय? पदरात पडलंय ते घे ना."

"एवढा झाला की ओवाळते."

"आणि तू काय लावतेस?" श्रीपादरावांनी विचारलं. आवाज एकदम हलका झाला होता. आमराईत चटईवर तो असाच होत असणार.

"सगळं. पान, कसा, खाचराचा होकार. तुम्ही नुसते दोन शब्द लावा."

काय हा सौदा! इकडे घरादाराचा तांदूळ, आयुष्यभराची शपथ, आणि तिकडे दोन शब्द. रस्त्यावरचं पोर असला सौदा करणार नाही. पण त्या वेळी उत्तराला त्या दोन शब्दांपुढे दुसरं काही मोठं वाटत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून "तुला काय कळतं" ऐकत आली होती ती. समया गेल्या तेव्हा हेच, पाटल्या गेल्या तेव्हा हेच. आज कळतंय हे दाखवलं, तर ते नशीब!

ती चांगली खेळली. खोटं कशाला बोलू, तिन्ही डावांत तो डाव ती सगळ्यात चांगली खेळली. तीन सोंगट्या घरात गेल्या. चौथी फुलीवर निवांत बसलेली, घरापासून जवळ. श्रीपादरावांची एक सोंगटी मागे लटकत होती. उत्तरानं सावकाश यायचं होतं, थेट घरात नेणारं दान पडेपर्यंत फुलीवरच बसायचं होतं. चार पडले. चार घरं पुढे श्रीपादरावांची दुसरी लाल सोंगटी उघडी होती. मारली असती तर जिंकणं असं झालं असतं की त्यावर कुणी नशीब म्हणून बोट ठेवलं नसतं. फुलीचं घर सोडायचं नसतं, हे तिला त्र्यंबकपेक्षा चांगलं माहीत होतं. तिनं सोडलं. लाल सोंगटी मारली, टाळी वाजवली, आणि आता तिची सोंगटी उघड्यावर होती.

श्रीपादरावांनी कवड्या टाकल्या. दहा. मेलेली सोंगटी पटावर आणली. पुन्हा टाकल्या. पंचवीस. मागे लटकलेल्या सोंगटीपासून एक-एक घर मोजत त्यांचं बोट तिच्या सोंगटीपाशी येऊन थांबलं.

मग फारसं काही उरलं नाही. तिची सोंगटी पुन्हा सगळा फेरा मारत निघाली, आणि अर्ध्या वाटेवर असतानाच त्यांची शेवटची घरात गेली.

श्रीपादरावांनी कसा उचलून कमरेला बांधला. बेलाचं पान बाजूला केलं, अगदी जपून, हळद सांडू नये म्हणून. तिच्याकडे न बघता म्हणाले, "मग... बाळकुमचा होकार."

"हो," उत्तरा म्हणाली.

त्यांनी पागोटं घातलं. फाटकाशी गणू उठून उभा राहिला. "आलोच," ते म्हणाले, आणि सवयीनं पुढचं वाक्य तोंडात आलं तेवढं मात्र त्यांनी गिळलं. एक पाय जोड्यात घातला.

कमळाबाई तिच्याकडे बघत होत्या. आता ही ओरडेल, पाय धरेल, आडवी पडेल, उंबऱ्यावर डोकं आपटेल. उत्तरालाही वाटत होतं, आपण रडायला हवं. खाचर चाललंय, पाटल्या चालल्यात, पान गेलं, हा माणूस गेला. तिनं रडू शोधून पाहिलं, सापडेना. डोक्यात एकच फिरत होतं. फुली सोडायला नको होती. चार पडले तेव्हा थांबायचं होतं. पुढचं दान कुठलं पडलं असतं? एकदा बघायला हवं. नुसतं बघायला.

तिनं कवड्या उचलल्या आणि टाकल्या.

खळ्ळकन आवाज झाला. श्रीपादराव दारातच थांबले. एक पाय जोड्यात, एक बाहेर. पाठमोरे. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण पुढेही गेले नाहीत.

"किती पडलं?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस."

"श्रीपादराव, चला ना, बैठक भरली," गणू म्हणाला.

"पाडव्याला हरून उठू नये," उत्तरा म्हणाली. ती पटाकडेच बघत होती. "मी हरलेय. मला एक डाव मिळायला हवा."

श्रीपादरावांनी जोडा काढला. पागोटं खुंटीला अडकवलं नाही, तिथंच जमिनीवर ठेवलं, आणि येऊन समोर बसले. जिंकून निघालेला माणूस, कमरेला कसा, हातात खाचर, दारात सोबती. तोही उठू शकला नाही. गणू काही वेळ फाटकाशी घुटमळला, मग काहीतरी पुटपुटत खोपटच्या वाटेला लागला.

"लावतेस काय पण?" श्रीपादरावांनी विचारलं. "तुझ्याकडे आता काही नाही."

उत्तरानं नाकातली नथ काढली. ओवाळण्यासाठी सारखी केलेली सणाची नथ, आईनं दिलेली. मधल्या घरात, जिथं मघाशी ते पान होतं, तिथं ठेवली. मोत्यांवर हळदीचा डाग लागला. तो तिनं पुसला नाही.

हवं होतं ते तिला मिळालं होतं म्हणा. नवरा उंबऱ्याबाहेर गेला नव्हता.

बाहेर अंधारलं. शेजारच्या घरांतून ओवाळण्याचे आवाज येऊन गेले, कुणाच्या तरी बांगड्या किणकिणल्या, पोरं हसली. कोनाड्यातल्या निरांजनातलं तूप तळाला गेलं, वात एकदा मोठी झाली, मग नुसता काजळीचा वास आला. कमळाबाईंना तबकाला हात लावता येत नव्हता. त्या उठून पटापाशी आल्या आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

"उत्तरे, दिवा गेला. ऊठ, बाई."

उत्तरानं मान वर केली नाही. तिच्या मुठीत कवड्या वाजत होत्या.

"उठते हं, सासूबाई," ती म्हणाली. "एवढा एकच डाव."